4,799 चे कुशनवाले शूज आणि माझा डावा पाय

आधी आकडे सांगते, म्हणजे कुणी "किती गेले गं" विचारायला नको. शूजचे 4,799, रिव्हर्स पिकअपच्या नावाखाली 1,180, आणि फिजिओचे सहा सेशन 600 प्रमाणे 3,600. एकूण 9,579 रुपये. आणि मी कुठे काम करते? पतसंस्थेत, काउंटरला. म्हाताऱ्या माणसांना रोज सांगते की आजोबा, पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव वाचा. त्या 1,180 चं तर घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालू होती, माझी पहिलीच फुल, 42.195. इथल्या साताऱ्याच्या घाटातली हाफ दोनदा केलीय त्यामुळे चढाची भीती नाही, पण रविवारचे 28-30 चे लाँग रन जुन्या शूजवर होईनात, त्यांचे 800 किलोमीटर कधीच होऊन गेलेले, टाचेकडचा फोम पार बसलेला. बरोबरीचे कुणी निंबस म्हणत होते, कुणी क्लिफ्टन, कुणी ग्लिसरीन, सगळे जाड कुशनचे आणि सगळ्यांच्या किमती ऐकून घाम फुटावा अशा. आमच्याकडे दुकानात असले मॉडेल ठेवत नाहीत, पुण्याला जायचं म्हणजे 110 किलोमीटर आणि एक सुट्टी जाते. त्यात मोबाईलवर ती जाहिरात आली, 17,999 चे 4,799, क्लिअरन्स. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही, त्यांच्या नावाने कुणीतरी दुकान मांडलेलं.) मी काही वेडी नाहीये. नवीन मॉडेल आलं की मागचं खरंच निम्म्यात निघतं, आमच्यातल्या दोघांनी तसे घेतलेत आणि छान पळतायत, म्हणून मला त्यात अशक्य काही वाटलं नाही.

पण जिथे थांबायला हवं होतं ती जागा मला पक्की माहितीये. क्यूआर स्कॅन केला आणि पेमेंटच्या स्क्रीनवर बँकेतलं नाव आलं ते एका माणसाचं. सरळ नाव-आडनाव, कंपनी नाही, दुकान नाही. नजरेतून सुटलं असतं तर एवढं लागलं नसतं. मी ते वाचलं. अंगठा तसाच वर धरून दोनदा वाचलं आणि मनाशी म्हटलं, डीलर असेल. वेबसाइटवर टायमर पळत होता, 3 मिनिटं 40 सेकंद राहिलेत, तुमच्या साइजचा शेवटचा जोड. टाकला पिन. बॅकचं बटण दाबायचं होतं फक्त, पाच सेकंदाचं काम, रात्री झोपताना अजून तो स्क्रीन डोळ्यासमोर येतो.

सहा दिवसांनी पार्सल आलं. खोक्यावर एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, कस्टमर केअरचा नंबर नाही. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर हे सगळं कायद्याने छापावं लागतं, नसेल तर तिथेच समजा. उघडल्यावर सोल्यूशनचा भपकारा. पण घालून हॉलमध्ये चालले तर मऊ लागले, दोन छोटे रनही बरे गेले, मग मी कशाला शंका घेऊ.

रविवारी यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेने 14 आणि परत 14. चढताना काही नाही. उतरताना विसाव्या किलोमीटरनंतर प्रत्येक पाऊल थेट नडगीत घुसायला लागलं, पळताना पायावर वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो आणि तो झेलायला खाली काहीच नव्हतं. शेवटचे चार किलोमीटर लंगडत आले. घरी येऊन किचनच्या काट्यावर एक बूट ठेवला, 386 ग्रॅम. मैत्रिणीकडे तोच मॉडेल ओरिजिनल आहे, त्याच साइजचा 248 भरला. मग कटरने टाच उभी कापली. बाहेरून दोन बोटं जाड दिसणारा सोल, आत दगडासारखं कडक रबर आणि मध्ये पोकळ कप्पे, मधाच्या पोळ्यासारखे. मऊ लागत होता तो वरचा दहा रुपयांचा स्पंज.

1,180 असे गेले की त्यांच्या व्हॉट्सॲपवर भांडले तर म्हणे मॅडम रिफंड अप्रूव्ह झालाय, पिकअप डिपॉझिट भरा, सोबतच परत येईल. गेलेले परत येतील या आशेने भरले. दहा मिनिटांत ब्लॉक. रिफंड द्यायला कुणी आधी पैसे मागत नाही, हे मीच लोकांना सांगते.

बँकेत गेले तर म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस स्टेशनला पाऊण तास बसवून ठेवलं आणि मग "एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास करून घेता ताई". ताई म्हणून बोलायचं आणि अर्ज हातात घ्यायचा नाही. तिथून दुसऱ्या इमारतीत पाठवलं, तिथे स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट मागितल्या, प्रिंट घेऊन गेले तर साहेब मीटिंगला, तिसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि म्हणाले पार्सल मिळालं ना, मग ही फसवणूक कशी, ग्राहक आयोगात जा. आयोगात तक्रार करायची तर समोरच्याचा पत्ता लागतो, आणि वेबसाइटवरचा पत्ता खोटा. अहो मग पत्ता शोधायचा कुणी, मी? लंगडत? तीन हाफ डे गेले माझे, ते पैसे या हिशोबात धरलेच नाहीत. 4,799 त्यांना एवढंसं वाटतं, पण माझ्यासारखे पाचशे जण असतील तर? कुणी मोजतंय का?

तुमचं असं झालं तर आधी 1930 लावा, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी हेल्पलाइन नंबर, त्याच तासात, पैसे पुढे सरकायच्या आत. मी नऊ दिवसांनी लावला, लाज वाटत होती म्हणून. कॅश ऑन डिलिव्हरी नसेल तर दुकान सोडा. आणि बजेट नसेल तर साधे तीन हजाराचे खरे शूज घ्या, छोट्या अंतराला चालतात, पण महागड्याची नक्कल घालून तीस किलोमीटर पळू नका. शक्य असेल तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दुकानात जाऊन घालून बघा, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. मी आता पुण्यालाच जाणार, सुट्टी गेली तरी.

डॉक्टरांनी सहा आठवडे पळायचं नाही सांगितलंय, म्हणजे यंदाची मुंबई गेली. कापलेला जोड पिशवीत घालून कपाटावर ठेवलाय, पुरावा म्हणून. काल रात्री तीच जाहिरात परत आली, तेच फोटो, तोच टायमर, दुकानाचं नाव वेगळं आणि किंमत 4,499.