व्यावसायिक पत्रांच्या तयार नमुन्यांचा एक संच: कोणते पत्र जसेच्या तसे वापरावे आणि कोणते स्वतः लिहावे

कार्यालयाचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्यांसाठी संगणकावर वापरायचे पत्रनमुन्यांचे संच आता सहज मिळतात. त्यांपैकी एक मराठी संच मी गेले काही महिने रोजच्या कामासाठी वापरत असून हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. चौकशीपत्र, कोटेशन, ऑर्डर, तक्रार, तक्रारीला उत्तर, थकबाकीचे स्मरणपत्र, परिपत्रक, कागदपत्रांसोबत जोडायचे पत्र आणि नेमणूक व राजीनाम्याची पत्रे असे त्याचे विभाग आहेत. प्रत्येक नमुना तपासताना मी एकच कसोटी लावली: पत्र ज्याच्या हाती पडेल त्याला पुढचे पाऊल उचलण्यासाठी लागणारी माहिती लिहायला हा नमुना आपल्याला भाग पाडतो का? मायना आणि समारोप सुबक असणे पुरेसे नाही, कारण व्यावसायिक पत्रावर कोणीतरी शेरा लिहितो, ते फाइलला लागते आणि वाद उद्भवला तर पुष्कळ काळानंतर पुरावा म्हणून पुन्हा बाहेर काढले जाते.

मांडणीच्या बाबतीत संच चोख आहे. लेटरहेडखाली जावक क्रमांक व दिनांक, मग पत्ता, विषय, संदर्भ, मायना, मजकूर, स्वाक्षरी आणि शेवटी सहपत्रांची नोंद, असे सर्व भाग डाव्या समासाला धरून येतात. पान ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर आकाराचे आहे. त्याला दोन घड्या घातल्या की ९९ मिलिमीटर उंचीची पट्टी होते आणि ती ११० × २२० मिलिमीटरच्या डीएल पाकिटात नीट बसते. पत्त्याची जागाही अशी ठेवली आहे की खिडकीच्या पाकिटातून तो पूर्ण वाचता यावा. दिनांक मात्र हा संच आपोआप ०३/०४ अशा केवळ अंकांत घालतो आणि ती सोय मी ताबडतोब बंद केली. हा दिवस कोणी तीन एप्रिल असा वाचेल, कोणी चार मार्च असा, आणि ज्या पत्रात मुदतीला महत्त्व आहे तिथे एवढा फरक महाग पडतो. महिना अक्षरांत लिहावा, किंवा परदेशी पत्रव्यवहारात आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा.

चौकशीपत्राचा नमुना उत्तम आहे. मालाचे वर्णन, अंदाजे संख्या, माल केव्हापर्यंत हवा आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे, हे रकाने भरल्याशिवाय पत्र पूर्णच होत नाही. अशा पत्राला उत्तर देणाऱ्याला उलट प्रश्न विचारावे लागत नाहीत आणि चौकशीपत्राकडून याहून अधिक काही अपेक्षित नसते.

माझा खरा आक्षेप कोटेशनच्या विभागावर आहे. संचाने दरपत्रक (सर्वांसाठी काढलेली दरांची यादी) आणि कोटेशन (एका ग्राहकाला कळवलेला भाव) यांना एकाच नमुन्यात कोंबले आहे, परंतु ही दोन पत्रे वेगवेगळी कामे करतात. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारांविषयी संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा जो करार आहे, त्याच्या चौदाव्या कलमात हा भेद स्पष्ट आहे. विशिष्ट व्यक्तीला पाठवलेल्या ज्या पत्रात माल कोणता ते सांगितले आहे, संख्या व किंमत ठरवलेली आहे किंवा ठरवण्याची रीत दिली आहे, आणि ते स्वीकारले गेल्यास बांधून घेण्याचा हेतू दिसतो, ते पत्र प्रस्ताव ठरते. कोणालाही उद्देशून न लिहिता सर्वांना पाठवलेले दरपत्रक मात्र सामान्यतः केवळ बोलणी सुरू करण्याचे आमंत्रण मानले जाते. म्हणजे एकाच नमुन्यातून निघालेले एक पत्र पाठवणाऱ्याला बांधते आणि दुसरे बांधत नाही. हा फरक नमुन्यातच दिसायला हवा होता.

त्याहून मोठी उणीव म्हणजे कोटेशन किती दिवस लागू राहील याचा रकानाच नाही. मुदत लिहिणे ही दुहेरी जबाबदारी आहे. ग्राहकाला निर्णयाची शेवटची तारीख कळते, आणि त्याच कराराच्या सोळाव्या कलमानुसार स्वीकारासाठी ठरावीक मुदत दिलेला प्रस्ताव त्या मुदतीत मागे घेता येत नाही. ज्याच्या कच्च्या मालाचे भाव दर आठवड्याला बदलतात त्याने ही तारीख विचारपूर्वक लिहिली पाहिजे, आणि रकाना नसल्यामुळे हा विचार करण्याची वेळच येत नाही. वाहतुकीबद्दल नमुन्यात ‘खर्च वेगळा’ एवढेच शब्द आहेत. परदेशी ग्राहकासाठी ते अगदीच अपुरे आहेत. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या इन्कोटर्म्स २०२० या माल पोहोचवण्याच्या अटींच्या संचात एफओबी (माल जहाजावर चढवून देणे), सीआयएफ (किंमत, विमा व भाडे धरून) यांसारखे एकूण अकरा नियम आहेत. त्यांपैकी योग्य नियम, ठिकाणाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष एवढे लिहिले की खर्च कोणाचा आणि मालाची जोखीम कोठून कोणाकडे जाते, हे दोन्ही प्रश्न एका ओळीत सुटतात.

ऑर्डरच्या नमुन्यातही असेच एक वाक्य खटकले. ‘आपले कोटेशन मान्य असून खालील अटींवर माल पाठवावा’ असे त्यात छापले आहे आणि खाली किंमत, पैसे देण्याची पद्धत व पोहोचवण्याची तारीख नव्याने लिहिण्यास जागा दिली आहे. किंमत किंवा तारीख बदलली तर ते मान्यतेचे पत्र राहतच नाही. वर उल्लेखलेल्या कराराचे एकोणिसावे कलम अशा उत्तराला मूळ प्रस्तावाचा नकार आणि नवा प्रस्ताव मानते. ऑर्डर देणाऱ्याला सौदा पक्का झाल्यासारखे वाटते, तर विक्रेता नव्या अटींचा विचार करत बसतो. कोटेशन जसेच्या तसे मान्य असेल तर त्याचा क्रमांक व दिनांक देऊन तेवढेच लिहावे. बदल हवे असतील तर ते बदल आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

तक्रारपत्राचा नमुना मी वापरणे थांबवले आहे. त्यात झालेल्या मनस्तापाचे वर्णन लांबलचक आहे आणि काय मागवले होते, काय आले, दोष केव्हा लक्षात आला, आता माल बदलून हवा की पैसे परत हवेत, याला मोजून दोन ओळी आहेत. सदोष मालाबद्दल वाजवी वेळेत आणि दोषाचे स्वरूप सांगून कळवले नाही, तर अनेक व्यवहारांत खरेदीदाराचा हक्कच जातो. म्हणून तक्रारपत्रात तारखांना आणि मागणीला अग्रस्थान असले पाहिजे. तक्रारीला उत्तर देण्याचा नमुना उलट्या टोकाला गेला आहे. त्याच्या पहिल्याच वाक्यात संपूर्ण चूक कबूल केलेली असते. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी तक्रार मिळाल्याची पोच द्यावी, गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करावा आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळवू ते सांगावे; जबाबदारी ठरल्यानंतर ती निःसंकोच स्वीकारणारे दुसरे पत्र लिहावे.

थकबाकीची पत्रे हा संचातील सर्वांत जाणतेपणाने लिहिलेला भाग आहे आणि केवळ त्यासाठीही हा संच मी जवळ ठेवीन. तीन पत्रांचा सूर पायरीपायरीने बदलतो. पहिल्यात बिल नजरचुकीने राहिले असावे असे गृहीत धरले आहे, दुसऱ्यात पहिल्या पत्राचा क्रमांक देऊन कारण विचारले आहे आणि तिसऱ्यात शेवटची तारीख व त्यानंतर होणारी कारवाई नेमक्या शब्दांत सांगितली आहे. ‘रक्कम यापूर्वीच भरली असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे’ हे वाक्य फक्त पहिल्या पत्रात आहे आणि ते तिथेच योग्य आहे, कारण अंतिम पत्र काढण्यापूर्वी खाते तपासणे हे पाठवणाऱ्याचेच काम असते. ग्राहकांची यादी जोडून ही पत्रे एकदम काढण्याची सोयही आहे. मात्र ज्यांनी बिलाबद्दल हरकत नोंदवली आहे त्यांची नावे यादीतून आधी वेगळी करावीत. हरकतीला उत्तर न देता तगादा लावला की चांगला ग्राहकही दुखावतो.

परिपत्रक आणि सोबतचे पत्र यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. दोन्ही थोडक्यात आणि नेटकी आहेत. परिपत्रकात अंमलबजावणीची तारीख ठळक येते. नेमणूकपत्र मात्र कायदेशीर सल्ल्याशिवाय यातून काढू नये, कारण नोकरीच्या अटी प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असतात आणि एक सर्वसाधारण नमुना त्या पेलू शकत नाही.

ज्यांचा पत्रव्यवहार मुख्यतः चौकशी, परिपत्रके आणि वसुली यांचा आहे त्यांनी हा संच निर्धास्तपणे घ्यावा. ज्यांना रोज कोटेशन द्यावे लागते त्यांनी तो नमुना उघडून मुदत, वाहतुकीच्या अटी आणि पैसे देण्याची पद्धत असे तीन रकाने स्वतः घालावेत, तसेच दरपत्रकासाठी वेगळी प्रत तयार करावी. नमुने संपादनासाठी खुले असल्याने हे काम सहज होते. संचाच्या निर्मात्यांना मी हे बदल आणि तक्रारपत्राचा नवा मसुदा लेखी कळवला आहे.