लांबच्या प्रवासासाठी चड्डी आणि टीशर्ट: पॉलिएस्टर, नायलॉन की मेरिनो?

प्रवास तीन-चार महिन्यांहून लांबला की किती कपडे घ्यायचे याला फारसा अर्थ उरत नाही. रात्री धुतलेला कपडा सकाळी अंगात घालता येतो का, एवढंच बघायचं असतं. सुती कपडे यात टिकत नाहीत हे तुम्हाला ठाऊक असेलच. उरतात तीन पर्याय: पॉलिएस्टर, नायलॉन आणि मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढ्यांची तलम लोकर. एका सॅकवर सात महिने काढताना मी तिन्ही वापरले. निघताना माझ्याकडे दोन पॉलिएस्टरच्या आणि दोन मेरिनोच्या चड्ड्या होत्या. परतलो तेव्हा त्यातली एकही सोबत नव्हती.

आधी वाळण्याबद्दल. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, लोकर सुमारे १६ टक्के, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हे आकडे वाचून मी पॉलिएस्टर घेतलं होतं. पण हा झाला धाग्याच्या आत मुरलेला ओलावा. धुतलेल्या कपड्यातलं बहुतेक पाणी धाग्यांच्या आत नसतं, ते धाग्यांच्या मधल्या फटींत अडकलेलं असतं. त्यामुळे कापड किती पातळ आहे आणि ते किती पिळता येतं, यावर धाग्याच्या जातीइतकंच, कधी कधी त्याहून जास्त अवलंबून असतं. जाड पॉलिएस्टरच्या आधी तलम सुती रुमाल वाळतो तो यामुळेच.

आणि चड्डीत सगळ्यात जाड, सगळ्यात कमी पिळला जाणारा भाग कोणता? कमरेचा पट्टा.

माझा निर्णय त्या पट्ट्यानेच केला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खेळासाठी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक चड्ड्यांना तीन-चार सेंटिमीटर रुंदीचा विणलेला इलॅस्टिकचा पट्टा असतो. दुकानात तो हाताला छान लागतो, कमरेवर गुंडाळला जात नाही, वळत नाही. पण त्यात रबर किंवा स्पॅन्डेक्सभोवती दाट विणलेला धागा असतो, खालच्या कडेला चड्डीचं कापड दुमडून शिवलेलं असतं आणि पाठीमागे बहुधा कापडी लेबलही असतं. पिळायला जावं तर तो ताणला जातो, सोडला की पुन्हा मिटतो आणि पाणी आतच राहतं.

समुद्रकाठच्या एका गावात आम्ही पावसात अडकलो होतो. हवा इतकी दमट की वहीची पानंही मऊ पडली होती. रात्री नऊला चड्डी धुतली, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळली, खिडकीच्या गजाला अडकवली. पहाटे पाचला बस होती. अंधारात हात लावला तर कापड कोरडं, म्हणून घातली. पट्टा ओलसर आहे हे दहा मिनिटांनी लक्षात आलं, तोवर सॅक पाठीवर होती. आता सॅकचा कमरपट्टा नेमका कुठे आवळला जातो बघा: चड्डीच्या पट्ट्यावरच. दिवसभर तो ओला पट्टा कातडीवर दाबला गेला, घामाने आणखी भिजला. संध्याकाळी कमरेभोवती लाल काच पडला होता, इलॅस्टिकची वीण जशीच्या तशी उमटलेली. पुढचे दोन दिवसही तसेच गेले. चौथ्या दिवशी खाज सुरू झाली आणि मग दोन आठवडे मलम. ओल आणि घर्षण एकत्र आलं की कातडी सोलवटते आणि बुरशीला आयती जागा मिळते. घरी असतो तर कपाटातली दुसरी चड्डी काढून घातली असती. प्रवासात दुसरीही दोरीवरच होती.

तेव्हापासून मी कापडाआधी पट्टा बघतो, आणि या एका कसोटीवर तिघांत बराच फरक पडतो.

पॉलिएस्टरच्या चड्ड्यांचं कापड खरोखर लवकर वाळतं. अडचण त्यांच्या घडणीत आहे. त्या बहुतेक खेळाडूंसाठी बेतलेल्या असतात, म्हणून पट्टा रुंद आणि जाड. अरुंद पट्ट्याच्या असतीलही, मला फारशा दिसल्या नाहीत. मेरिनोच्या चड्डीलाही पट्टा बहुधा तसाच रुंद असतो, आणि कापडच मुळात पाणी धरून ठेवणारं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पिऊनही हाताला ओली लागत नाही. थंडीत चालताना हा मोठा गुण आहे, दोरीवर मात्र तोच आड येतो. माझ्या मेरिनोच्या चड्ड्या दमट हवेत एका रात्रीत वाळल्या असं क्वचितच झालं.

नायलॉनची तलम, जाळीदार विणीची चड्डी मी वाटेत नाइलाजाने घेतली. तिला वेगळा पट्टाच नव्हता. तेच कापड वर दुमडून आत बोटभरही रुंद नसलेलं मऊ इलॅस्टिक घातलं होतं. दिसायला साधी, अगदी हलकी, मुठीत मावणारी. पहिल्याच रात्री धुतली आणि पहाटे उठून सवयीने पट्टा चिमटीत धरला, तर तो कोरडा. आकड्यांत नायलॉन पॉलिएस्टरच्या मागे आहे हे खरं, पण माझ्या दोरीवर नायलॉनच आधी वाळत होतं. सगळीकडे असंच होईल असं म्हणणार नाही, कारण विणीविणीत फरक असतो. तरी आता कुणी विचारलं तर चड्डीसाठी मी नायलॉनकडेच बोट दाखवतो. शिवाय ते घासणीला चिवट असतं. माझ्या दोन्ही मेरिनो चड्ड्या मांड्यांच्या आतल्या बाजूला चार महिन्यांत विरल्या आणि पाचव्यात भोकं पडली. नायलॉनच्या शिवणी अजून शाबूत आहेत.

टीशर्टचा हिशेब मात्र वेगळा आहे. टीशर्टला पट्टा नाही, आवळणारं इलॅस्टिक नाही, आणि काखेत किंवा गळ्याशी थोडी ओल राहिली तरी ती अंगावर वाळते. तिथे प्रश्न वासाचा. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पण अंगाचं तेल धरून ठेवतं. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतरचे २६ जणांचे टीशर्ट तपासले होते. पॉलिएस्टरच्या शर्टांना सुती शर्टांपेक्षा जास्त उग्र वास येत होता आणि त्यांवर मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू जास्त वाढले होते. मला हे अनुभवाने आधीच कळलं होतं. धुऊन वाळवलेला पॉलिएस्टरचा टीशर्ट नाकाशी धरला तर काहीच वास नाही, पण अंगात घालून पाव तास चाललं की काखेतून तोच जुना आंबूस वास वर येतो. साबण बदलून, रात्रभर भिजवून पाहिलं, फरक पडला तो दोन-चार दिवसांपुरता. मेरिनोचा टीशर्ट चार-पाच दिवस घालून नुसता वाऱ्यावर टांगला तरी चारचौघांत बसता येतं. म्हणजे रोज धुवावाच लागत नाही, आणि जो रोज धुवायचा नाही तो उशिरा वाळला तरी बिघडत नाही.

मेरिनो जपावं लागतं, हेही तितकंच खरं. कसर लागते, सॅकच्या पट्ट्याखाली खांद्यावर विरतं, आणि धुलाईवाल्याकडे गरम ड्रायरमध्ये गेलं तर आटण्याची भीती असते. नायलॉनच्या गाभ्याभोवती लोकर कातलेला धागा मिळतो, तो जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे. अगदी तलमच्या मोहात न पडता दीडशे ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासचं कापड घ्या, त्याहून पातळ लवकर फाटतं. उन्हाळी, दमट प्रदेशातच सगळा प्रवास असेल आणि कपडे रोज धुणारच असाल, तर टीशर्टही नायलॉनचा घ्यायला हरकत नाही. वासाच्या बाबतीत तो मला दोघांच्या मधला वाटला.

बायकांच्या बाबतीत मी अधिकाराने बोलू शकत नाही. महिनाभर माझी बहीण सोबत होती. तिच्या नायलॉनच्या चड्ड्यांना आतून सुती अस्तराचा तुकडा होता आणि तो तिला हवाच होता. तिच्याकडे सगळ्यात शेवटी वाळायचा तो तुकडा, पट्टा नव्हे. तिने अस्तर काढलं नाही, एक चड्डी जास्त ठेवली, आणि ते मला पटलं.

घ्यायच्या आधी दुकानात पट्टा चिमटीत धरून बघा. किती पदर आहेत ते बोटांना लगेच कळतं. घरी आणल्यावर एक रात्र पंख्याशिवाय, बंद खोलीत वाळवून पाहा, कारण वाटेत तशाच खोल्या जास्त मिळतात. सकाळी नुसता हात लावून ठरवू नका. आपल्या कातडीला ओल थेट कळत नाही, ती गारव्यावरून अंदाज बांधते, त्यामुळे पहाटेच्या थंडीत कोरडा कपडाही ओला वाटतो आणि उकाड्यात ओलाही कोरडा. पट्टा दोन्ही तळव्यांत दाबून सावकाश दहापर्यंत मोजा. कोरडा असेल तर तेवढ्यात ऊब धरतो, ओला असेल तर गारच राहतो.

पुढच्या खेपेला माझ्या सॅकमध्ये नायलॉनच्या तीन चड्ड्या असतील: एक अंगावर, एक दोरीवर, एक पिशवीत कोरडी. टीशर्ट मेरिनोचे दोन. पॉलिएस्टरचा एकच कपडा ठेवलाय, वाऱ्यापावसात वरून घालायचं जाकीट. त्याला पट्टा नाही आणि ते काखेला टेकत नाही.