इन्फॉर्म, वॉर्न, नोटिस: ऑक्सफर्ड लर्नर्सची फुकट साइट किती उपयोगी?

नुसता अर्थ हवा असेल तर कोणताही इंग्रजी-मराठी कोश पुरतो. ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज ही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी कोशाची साइट उघडायची ती क्रियापदामागे काय येतं ते पाहायला. अर्थाच्या आसपास ठळक अक्षरांत वाक्यरचना दिलेल्या असतात. आधी त्या वाचा, मग उदाहरणं.

मराठीत ‘त्याला कळवलं’ म्हणतो, त्यातला ‘ला’ थेट ‘टू’ होतो आणि ‘आय इन्फॉर्म्ड टू हिम’ तयार होतं. इथल्या नोंदीत ‘इन्फॉर्म’नंतर सरळ माणूस येतो, मग ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’ आणि विषय. ‘वॉर्न’चंही तसंच. ‘जाऊ नको’ असं बजावायचं तर ‘वॉर्न्ड हिम नॉट टू गो’ किंवा ‘वॉर्न्ड हिम अगेन्स्ट गोइंग’. दुसऱ्या रचनेत ‘नॉट’ घातलं की अर्थ उलटा, आणि हे फार जण करतात.

‘नोटिस’ची नोंद सगळ्यात सरस. लक्ष, सूचनाफलक, पूर्वसूचना, राजीनाम्याची मुदत, सगळे अर्थ वेगळे केलेत. क्रियापद सहसा चालू काळात वापरत नाहीत, हेही लिहिलंय. म्हणजे ‘आय ॲम नोटिसिंग’ शक्यतो टाळा.

उणीव आपल्या सरकारी पत्रांतल्या इंग्रजीची. ‘प्लीज इंटिमेट’ म्हणजे ‘कळवावे’, हा आपल्याकडचा वापर धरून गेलात तर फसाल; तिथे त्या क्रियापदाचा अर्थ ‘आडून सुचवणे’ असा आहे. उच्चारासाठी निळा स्पीकर ब्रिटिश, लाल अमेरिकन. मध्येमध्ये जाहिराती येतात, तेवढं सोसा.