कोल्ड स्टोरेजवरचा डायल-अप मोडेम: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः पासवर्डबद्दल

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड आहे, मी राहतो सांगलीत विश्रामबागला. चेंबर चार अंशांच्या आसपास राहावं लागतं. रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही, तर ज्या शेतकऱ्यांनी विश्वासानं बॉक्स लावलेत त्यांना काय सांगणार? म्हणून मार्चमध्ये कंट्रोलरच्या, म्हणजे चेंबरचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्राच्या, सिरियल पोर्टला एक जुना बाहेरचा डायल-अप मोडेम जोडला, म्हणजे साध्या फोन लाइनवरून लांबूनही आकडे वाचता येतात. सिमवाला मोडेम का नाही, असं सगळे विचारतात. एक तर कंट्रोलर ज्या खोलीत आहे तिथं पफ पॅनेलमुळे (मध्ये फोम भरलेल्या पत्र्याच्या भिंतींमुळे) रेंज येत नाही, आणि दुसरं म्हणजे लँडलाइनचं भाडं आम्ही वर्षानुवर्षं भरतोच आहोत. मोडेम सेकंडहँड अठराशे रुपयांत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

वेगाबद्दल तक्रार नाही. ५६के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, लिहिलंय, पण कंट्रोलरच ९६०० वर बोलतो आणि चार आकडे वाचायला तेवढं पुरतं. पावसाळ्यात लाइनवर खरखर वाढली की जोडणी दोन-तीनदा करावी लागते, एवढंच.

आता मुद्द्याचं. या मोडेममध्ये दहा खाती साठवता येतात. प्रत्येक खात्याला एक पासवर्ड आणि एक कॉलबॅकचा नंबर. बाहेरून फोन लागला की मोडेम आधी पासवर्ड विचारतो, तीन वेळा चुकला की लाइन तोडतो. बरोबर आला तरी आत घेत नाही. फोन ठेवतो आणि खात्यात लिहिलेल्या नंबरला स्वतः फोन लावतो. ऐकायला उत्तम. पण खात्यांची यादी मागणारी एक कमांड आहे, ती दिली की दहाही पासवर्ड स्क्रीनवर उघडे! पासवर्ड झाकणाऱ्या चांदण्या नाहीत, काही नाही. सिरियल केबल आणि लॅपटॉप घेऊन खोलीत शिरलेल्या कुणालाही ते वाचता येतात. तपासायला मोडेमला मूळ पासवर्ड साठवायची गरजच नाही. त्यातून हिशेबानं काढलेला, उलटा फिरवता न येणारा ठसा ठेवला आणि आलेल्या पासवर्डचा ठसा त्याच्याशी ताडून पाहिला तरी काम होतं. हे तंत्र माझ्या या मोडेमपेक्षा जुनं आहे.

जुलैत कंट्रोलर दुरुस्तीला एक सर्व्हिसवाला आला. त्यानं मोडेमची केबल काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली, यादी काढली आणि ‘सेटिंग असू दे जवळ’ म्हणून स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घेतला. मी तिथंच उभा होतो. तेव्हा बोललो नाही, याचं आजही वाईट वाटतं. पुढच्या महिन्यात तीन वेगवेगळ्या रात्री दोनच्या सुमारास घरचा फोन वाजला. उचलला की पलीकडून थांबून थांबून बीप. दोनदा राँग नंबर समजून ठेवून दिला. बिल आलं तेव्हा समजलं, तिन्ही रात्री फोन आमच्याच कोल्डवरून आला होता. म्हणजे कुणीतरी माझा पासवर्ड टाकला आणि मोडेमनं नियमाप्रमाणे मला फोन लावला. कुणी टाकला ते मला सिद्ध करता येणार नाही. त्याच संतापात मी इथपर्यंत लिहिलं होतं आणि पाचपैकी एक गुण देऊन पाठवणार होतो.

इथून पुढचं दिवाळीनंतर लिहितोय, कारण मत बदललं. शांत डोक्यानं विचार केला तर त्या माणसाच्या हाती काय लागलं? पासवर्ड बरोबर असूनही काही नाही. मोडेमनं त्याला बाहेर ठेवलं आणि माझ्या घराची घंटा वाजवली. यापेक्षा चांगला पहारेकरी पगार देऊनही मिळाला नसता. मात्र कॉलबॅक डोळे झाकून लावू नका. फोन करणाऱ्यानं स्वतःची बाजू सोडली नाही तर काही जुन्या एक्स्चेंजमध्ये लाइन तुटत नाही, आणि तोच खोटा डायल टोन ऐकवून मोडेमला फसवू शकतो. मी परत फोन लावण्याआधीची थांबायची वेळ वाढवून घेतली आहे. शिवाय एस-शून्य रजिस्टर एकवरून सहावर नेलं, म्हणजे मोडेम सहाव्या घंटीला उचलतो. ओळीनं नंबर फिरवून मोडेम शोधणारे सहसा तेवढं थांबत नाहीत.

मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत आणखी एक गोष्ट सापडली, जी सुरुवातीलाच ठळक छापायला हवी होती. मोडेमला स्थानिक पासवर्डही देता येतो. तो दिल्याशिवाय केबल लावूनसुद्धा यादी दिसत नाही. विसरलात तर मागचा डिप स्विच (छोटी खटकी) टाकून सगळं मूळ अवस्थेत न्यावं लागतं, पण त्यात दहाही खाती पुसली जातात, म्हणजे ती चोरालाही मिळत नाहीत. हा विचार ज्यानं केला त्याला मनापासून धन्यवाद. दूरून बदल करायचं खातं आणि नुसतं बघायचं खातं वेगळं ठेवता येतं, तेही केलं. मुनीमकाकांना फक्त बघायचं दिलंय.

तरीही त्या उघड्या यादीचा राग गेलेला नाही. स्थानिक पासवर्ड टाकून मी आत गेलो तरी माझ्या खांद्यावरून पाहणाऱ्याला सगळं दिसतंच. त्यामुळे आता कुणीही सर्व्हिसला आला की मोडेमची केबल मीच काढतो आणि कंट्रोलरला त्याची केबल लावून देतो. तो गेला की त्याच संध्याकाळी दहाही पासवर्ड बदलतो. एका पासवर्डला आठच अक्षरं बसतात, म्हणून गावांची किंवा मुलांची नावं टाळतो आणि कागदावर लिहून कागद तिजोरीत ठेवतो. गुण पाचपैकी साडेतीन. यादीत चांदण्या असत्या तर साडेचार दिले असते.