एआय असिस्टंटला वळण कसं लावायचं: नियमांची फाइल, बिल्डमधली तपासणी की आधी आराखडा?

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून उठले. आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये हा बदल अर्ध्या तासाचा असायला हवा होता. शोधायला बसलो तर कर काढणारं फंक्शन चार ठिकाणी सापडलं. तीन ठिकाणी डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा आकड्यांचा प्रकार), चौथ्या ठिकाणी फ्लोट (दशांश अंदाजे ठेवणारा, म्हणून पैशांसाठी धोक्याचा). चारही कोड लिहून देणाऱ्या एआय असिस्टंटने लिहिलेली, चारही रिव्ह्यूतून गेलेली. प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर नीटनेटका, टेस्टसकट. बिघडली होती ती त्यांची एकमेकांशी असलेली जुळणी, आणि पुल रिक्वेस्टमध्ये (मंजुरीसाठी पाठवलेल्या कोडबदलात) फक्त बदललेल्या ओळी दिसत असल्याने ती कुणाच्या नजरेला आली नव्हती.

तुमच्या टीममध्येही असिस्टंट रुळला असेल आणि आता रचना सावरायला दोन आठवडे मिळणार असतील, तर ते कशात घालावेत? तीन रस्ते आहेत. मी तिन्ही वापरतो, पण तिन्हींना सारखं वजन देत नाही.

बहुतेक जण सुरुवात नियमांच्या फाइलने, म्हणजे असिस्टंटसाठी लिहून ठेवलेल्या सूचनांनी, करतात. क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतो, कोपायलट आणि कर्सर यांच्या स्वतःच्या सूचना-फाइल्स आहेत, आणि ‘एजंट्स डॉट एमडी’ अनेक साधनांना चालते. तासाभरात लिहून होते, हा तिचा मोठा गुण. कोड वाचून कळणार नाही अशा गोष्टींसाठी ती उत्तम: टेस्ट कोणत्या कमांडने चालवायच्या, कराचा हिशेब फक्त कर मॉड्यूलमध्येच (कोडच्या त्या स्वतंत्र भागातच) का, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही.

पण ही फाइल म्हणजे विनंती आहे. ती मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्या वेळी त्याच्यासमोर असलेल्या मजकुरात, इतर मजकुराबरोबर जाते, आणि सेशन लांबलं की तिचा प्रभाव ओसरताना दिसतो. त्यात प्रत्येक चुकीनंतर कुणीतरी एक ओळ वाढवतं. आमची फाइल अशीच शेकडो ओळींची झाली होती आणि तिच्यातले दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध होते. ‘क्लीन कोड लिही’, ‘सॉलिड तत्त्वं पाळ’ असल्या, कोडरचनेच्या प्रसिद्ध तत्त्वांचं नुसतं नाव घेणाऱ्या ओळींनी तर नुकसानच झालं. ती तत्त्वं मॉडेलला आधीच ठाऊक असतात. नुसतं नाव घेतलं की ते गरज नसताना इंटरफेस काढत सुटतं, ज्यांचं इम्प्लिमेंटेशन जन्मभर एकच राहणार. त्यापेक्षा ‘नवा एंडपॉइंट लिहिताना ऑर्डर मॉड्यूलची रचना बघ आणि तशीच ठेव’ ही एक ओळ कितीतरी जास्त काम करते. असिस्टंट शेजारच्या कोडची नक्कल फार चांगली करतो. शेजार वाईट असेल तर वाईटाचीही करतो, म्हणून नमुन्याचं मॉड्यूल माणसाने बसून घासूनपुसून ठेवलेलं असावं.

दुसरा रस्ता बिल्डमध्ये, म्हणजे कोड जोडून तयार होताना, आपोआप होणाऱ्या तपासणीचा, आणि दोन आठवड्यांतला जास्तीत जास्त वेळ मी इथे घालेन. त्यासाठी तयार साधनं आहेत: जावासाठी आर्कयुनिट, पायथनसाठी इम्पोर्ट-लिंटर, जावास्क्रिप्टसाठी डिपेंडन्सी-क्रूझर. इम्पोर्ट-लिंटरमध्ये लेयरचा (कोडच्या थरांचा) क्रम एकदा लिहून ठेवायचा: वर व्ह्यू (दिसणारा भाग), मध्ये सर्व्हिस, खाली डोमेन (धंद्याचे नियम). डोमेनमधल्या फाइलने व्ह्यूमधलं काही इम्पोर्ट केलं की कमांड फेल होते. माणसांच्या टीमला हे उपयोगी होतंच. असिस्टंटच्या बाबतीत त्याची किंमत वाढते, कारण एरर त्याच सेशनमध्ये त्याच्या हाती पडते आणि तो लगेच दुरुस्त करतो. रिव्ह्यूची वाट बघावी लागत नाही.

यासाठी एररचा मजकूर जीव लावून लिहा. आर्कयुनिटच्या नियमात कारण जोडायची सोय आहे, ईएसलिंटच्या इम्पोर्टबंदीच्या नियमात स्वतःचा संदेश देता येतो. ‘हे चालणार नाही’ एवढंच लिहिलं तर असिस्टंट पळवाट शोधतो. ‘कर हवा असेल तर कर मॉड्यूलचं अमुक फंक्शन वापर’ असं लिहिलं तर सरळ तिकडे जातो.

कोडबेस जुना असेल तर पहिल्याच दिवशी शेकडो उल्लंघनं दिसतील आणि धीर सुटेल. आर्कयुनिटमध्ये त्यावर ‘फ्रीझ’ आहे: आजवरची उल्लंघनं नोंदून बाजूला ठेवायची आणि फक्त नव्यांवर बिल्ड पाडायचा. इम्पोर्ट-लिंटरमध्ये दुर्लक्षाची यादी ठेवता येते. मात्र त्या यादीवर पहारा हवा. बिल्ड हिरवा करायचाच म्हटलं की असिस्टंट कधी यादीतच ओळ वाढवतो, कधी लिंटरला गप्प करणारी कमेंट टाकतो, कधी टेस्टच सैल करतो. म्हणून या फाइल्स गिटहबच्या कोडओनर्समध्ये (कोणत्या फाइलला कुणाची मंजुरी लागते त्या यादीत) घालून माणसाच्या मंजुरीशिवाय मर्ज बंद ठेवा.

फ्लोटचा प्रश्न आम्ही याच रस्त्याने सोडवला. नियमांच्या फाइलमध्ये ‘पैशांसाठी फ्लोट नको’ असं लिहिलेलं होतंच, तरी फ्लोट आला. मग रकमेसाठी डेसिमलवर उभा असलेला स्वतंत्र टाइप केला आणि मायपाय हे पायथनमधले टाइप तपासणारं साधन बिल्डमध्ये सक्तीचं केलं. आता कर काढणाऱ्या फंक्शनला फ्लोट दिला की बिल्ड पडतो आणि फाइलमधली ती ओळ आम्ही काढून टाकली.

तपासणीला एक गोष्ट मात्र जमत नाही: अर्थाने सारखी, शब्दांनी वेगळी अशी दोन फंक्शन्स ओळखणं. मॉड्यूलची हद्द मुळात बरोबर आखली आहे का, हेही ती सांगू शकत नाही. तिथे तिसरा रस्ता, कोडआधी आराखडा. असिस्टंटकडून आधी लिहून घ्यायचं: कोणती मॉड्यूल्स बदलणार, कोणतं नवं पब्लिक फंक्शन येणार, आणि तसलंच काम करणारं आधीपासून काय आहे. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण त्याने तो आधी शोधतो आणि मग लिहितो.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मांडलं होतं की जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे, त्यांतला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवावा. कराचा दर हे त्याचं चोख उदाहरण. दर बदलला तेव्हा असिस्टंटच्या पहिल्या आराखड्यात १२च्या जागी ५ घालायचं एवढंच होतं. तसं केलं असतं तर ऑगस्टच्या बिलाची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) नव्या दराने निघाली असती. ती मूळ बिलाच्याच दराने निघायला हवी. आराखडा वाचताना हे पाच मिनिटांत लक्षात आलं आणि दर तारखेनुसार शोधायचं ठरलं. कोड लिहून झाल्यावर हेच सहाशे ओळींच्या डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) शोधावं लागलं असतं.

या रस्त्याची किंमत म्हणजे माणसाचं लक्ष, दर वेळी. बटणाचा रंग बदलायला आराखडा मागू नका. न वाचता मंजूर करायचा असेल तर कशालाच मागू नका.

दुसऱ्या एआयकडून रिव्ह्यू हा चौथा पर्याय सुचवला जातो. सुटलेला एरर, विसरलेली नल तपासणी तो छान पकडतो. हद्दीबद्दलचं त्याचं मत मी अजून निर्णायक धरत नाही.

कोडबेस जुना आणि मोठा असेल तर फ्रीझसह तपासणीपासून सुरुवात करा, फाइल नंतर. प्रकल्प नवा असेल तर पहिलं मॉड्यूल माणसांनी लिहा, मग फाइलमध्ये त्याकडे बोट दाखवा, आणि लेयरचा नियम पहिल्याच आठवड्यात बिल्डमध्ये घाला, कारण तेव्हा तो फुकट असतो. दोघा-तिघांची टीम असेल तर तीसेक ओळींची फाइल आणि कडक टाइप तपासणी पुरेल. पैसे, परवानग्या किंवा डेटाबेसची रचना यांना हात लागणार असेल तर टीम केवढीही असो, आराखडा आधी मागा आणि वाचा.