प्लूटोची सहल आखताना: 'नासाज आइज' काही महिने वापरल्यानंतर

माझी पुतणी सातवीत आहे आणि गेले काही महिने आम्ही दोघं मिळून प्लूटोला जाणाऱ्यांसाठी प्रवास-मार्गदर्शक लिहितोय. कुठं उतरायचं, काय चुकवायचं नाही, किती उजेड असेल, सगळं त्यात. त्यासाठी नासाचं 'आइज ऑन द सोलर सिस्टिम' सतत उघडं असतं. फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. अंतर, वेळ आणि दिशा डोक्यात बसवायला याच्याइतकं चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. जमीन जवळून बघायला मात्र न्यू होरायझन्स यानाने काढलेले फोटो शेजारी हवेतच.

वेळेची पट्टी हा याचा खरा जीव. तारीख १४ जुलै २०१५ ला न्या, न्यू होरायझन्स निवडा आणि वेग हळूहळू वाढवा. प्लूटो मोठा होत जातो, यान साडेबारा हजार किलोमीटरवरून निघून जातं आणि बघता बघता मागे नुसती कोर उरते. साडेनऊ वर्षांचा प्रवास आणि जवळून बघायला जेमतेम काही तास! यान थांबलं का नाही, हे पुतणीने लगेच विचारलं. सेकंदाला सुमारे १४ किलोमीटरचा वेग आवरायचा तर प्रचंड इंधन सोबत न्यावं लागलं असतं.

त्या काही तासांचा परिणाम नकाशावरही दिसतो. प्लूटो स्वतःभोवती फिरायला ६.४ दिवस घेतो. त्यामुळे एक बाजू बारकाव्यांसकट टिपली गेली, दुसरीचे फोटो काही दिवस आधी लाखो किलोमीटरवरून घेतलेले, म्हणून धूसर. दक्षिणेकडच्या मोठ्या भागात तर तेव्हा लांबलचक हिवाळी रात्र होती. आमच्या मार्गदर्शकात तो भाग आम्ही कोराच ठेवलाय.

प्रकाशाचा पर्याय बदलून बघाच. सगळीकडे सारखा उजेड ठेवला की डोंगर-दऱ्या ओळखता येतात, पण प्रवाशाला दिसेल ते सावल्या चालू केल्यावर. तिथलं ऊन आपल्या उन्हाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, तरी पौर्णिमेच्या चांदण्याच्या शेकडो पट. म्हणजे भरदुपारी विजेरी लागणार नाही.

उतरण्याची जागा आम्ही ठरवली ती तेनझिंग पर्वतरांगेच्या पायथ्याशी. दार्जिलिंगच्या तेनझिंग नोर्गे यांचं नाव तिथे आहे आणि पलीकडे हिलरी रांग. शिखरं सहा किलोमीटरपर्यंत उंच आणि बनलेली साध्या पाण्याच्या बर्फाची, कारण उणे २३० अंशांच्या आसपास हा बर्फ दगडासारखा कठीण होतो. समोर स्पुटनिक प्लॅनिशिया हे नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान. हा बर्फ मऊ. खालच्या उष्णतेने अतिशय सावकाश वर-खाली ढवळला जातो, म्हणून मैदानावर दहा-दहा, वीस-वीस किलोमीटरच्या चकत्या आखल्यासारख्या दिसतात. यान पुढे गेल्यावर पंधरा मिनिटांनी मागे वळून घेतलेला एक फोटो आहे: तिरप्या उन्हात या रांगांच्या लांब सावल्या आणि वर धुक्याचे थरावर थर. तो मी पडद्यावर अर्ध्या भागात कायम उघडा ठेवतो.

पण जागा नक्की केल्यावर पंचाईत झाली आणि ती या साधनामुळेच कळली. प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन एकमेकांकडे कायम एकच बाजू ठेवून फिरतात. पुतणीने प्लूटो हळूहळू फिरवला, काळ पुढे-मागे केला, तरी शॅरन आपला त्याच बाजूला! तेनझिंग रांग आहे नेमकी पाठच्या बाजूला. तिथून शॅरन कधीच उगवत नाही. आपल्या चंद्राच्या सातपट रुंद दिसणारा, आभाळात एकाच जागी टांगलेला असा चंद्र बघायचा तर पार दुसऱ्या बाजूला, दीड हजारांहून जास्त किलोमीटर जायला हवं. पुस्तकात वाचून मला हे इतकं स्वच्छ कधी उमगलं नव्हतं. म्हणून आता मार्गदर्शकात दोन मुक्काम आहेत.

वापरायचं तर लॅपटॉपवर वापरा, फोनवर पट्टी नीट सरकवता येत नाही. मजकूर इंग्रजीत आहे, तेव्हा लहान मुलांबरोबर मोठ्या कुणीतरी बसावं.