ग्रे टँकमधल्या माश्यांवर बॅक्टेरियाची जेल: चांगली, पण एकटीने भागत नाही

कॅम्परच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) सिंकभोवती केसाळ पंखांच्या करड्या मोरीमाश्या बसलेल्या दिसल्या, की आधी स्प्रे मारला जातो. दोन दिवसांत तेवढ्याच पुन्हा हजर! त्यांची पैदास पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात होते. साबण, तेल आणि केसांचा तो थर अळ्या 9 ते 15 दिवस खात राहतात. ब्लीच वरून घसरून जातं, आतल्या अळ्या शाबूत राहतात. उकळतं पाणी तर नकोच, त्याने प्लॅस्टिकचे पाइप वाकतात आणि वॉल्व्हचं रबर बिघडतं.

हा थर खाऊन टाकणारी बॅक्टेरिया-एन्झाइम जेल इथे खरंच कामाची आहे, कारण ती पाइपच्या कडेला चिकटून राहते. त्याच प्रकारचं पातळ द्रावण घेऊ नये, ते थेट ग्रे टँकमध्ये, म्हणजे सिंक-शॉवरचं सांडपाणी साठवणाऱ्या टाकीत जातं. आधी लांब नायलॉन ब्रशने पाइप घासावा. मग रात्री प्रत्येक मोरीत साधारण 100 मिली जेल कडेकडेने सोडावी आणि 8 तास पाणी बंद ठेवावं. असं सलग सात रात्री, नंतर तीन आठवडे आठवड्यातून एकदा. त्या दिवसांत ब्लीच अजिबात नको, जेलमधले बॅक्टेरियाच मरतात. कडाक्याच्या थंडीतही ती फार मंद चालते.

टाकीच्या वरच्या भिंतींपर्यंत मात्र जेल पोहोचत नाही. तिथला चिकटा पाण्याची पातळी दाखवणाऱ्या सेन्सरवर बसला, की रिकामी टाकीही भरलेली दाखवते. त्यासाठी टाकी अर्धी कोमट पाण्याने भरावी, भांड्यांचा साबण घालावा, गाडी तासभर चालवावी आणि सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी रिकामी करावी. स्वच्छ पाणी येईपर्यंत पुन्हा धुवावी. एरवी टाकी रिकामी करायचा वॉल्व्ह बंदच असावा. तो उघडा राहिला तर पाणी निघून जातं, गाळ तळाशी वाळतो आणि बाहेरच्या पाइपातून किडे आत शिरतात.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सिंकखालच्या ट्रॅपमधलं (पाइपच्या वास अडवणाऱ्या वाकणातलं) पाणी आटतं आणि वास, माश्या दोन्ही थेट आत येतात. निघण्यापूर्वी प्रत्येक मोरीत कपभर पाणी ओतून घट्ट बूच लावावं. छतावरच्या व्हेंटला (टाकीच्या हवेच्या नळीला) बारीक स्टीलची जाळी हवी, पण ती मधूनमधून झाडावी, तुंबली तर हवा अडते.

माश्या नेमक्या कुठून येतात हे पाहायला प्रत्येक मोरीवर रात्री पारदर्शक टेप चिकट बाजू खाली करून लावावी, कडेला थोडी फट ठेवून. सकाळी जिथे माश्या चिकटलेल्या असतील, तिथेच जेल पुन्हा घालावी. सगळ्या टेप कोऱ्या निघाल्या, तर शॉवरच्या तळाखाली गळती शोधावी.